वाचकांचे प्रश्न : दर पाडून काम टिकतं का?

प्रश्न : नमस्कार सर, राजारामपुरीत आमची १४ जणांची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. सहा वर्षं अमेरिकेतल्या एका गोडाऊनवाल्या कंपनीचं काम करतोय, तासाला १४ डॉलर. आता ते म्हणतात दुसरीकडनं ११ चं कोटेशन आलंय, तुम्ही देता का बघा. आमचा खर्चच तासाला साडेदहा-अकराच्या घरात जातो. पार्टनर म्हणतो दोन सिनियर सोडू, चार फ्रेशर घेऊ, भागेल. काय करावं?

उत्तर : दादा, सिनियर सोडायचं तेवढं आधी डोक्यातनं काढा, बाकीचं मग बोलू.

मी पुण्यात असताना एका विमा कंपनीच्या प्रोजेक्टवर होतो, तिथं हेच झालं. मार्जिन कमी पडतंय म्हणून तीन अनुभवी माणसं दुसरीकडं हलवली आणि नवी आठ पोरं आणली, पोरं हुशार होती, त्यांचा दोष काहीच नव्हता. कोडमध्ये एक विचित्र अट होती, काही क्लेम एक दिवस थांबवून मग पुढं पाठवायची. कुठं लिहिलेलं नव्हतं की ती का आहे, ज्याला माहीत होतं तो गेलेला. पोरांना वाटलं जुना कचरा आहे, काढून टाकली, टेस्टिंगमध्ये सगळं हिरवं, म्हणजे पास. महिनाअखेरीला कळलं की काही क्लेमचे पैसे दोनदा गेलेत. ते निस्तरायला ११ दिवस लागले, आणि क्लायंटचा विश्वास गेला तो परत आलाच नाही. त्या तीन माणसांच्या पगारात वाचवलेले पैसे त्या ११ दिवसांतच गेले असतील असं मला अजून वाटतं.

आता दराचं. आपण कोल्हापूरची माणसं, जॉबवर्क आपल्याला शिकवायला नको. उद्यमनगरात, शिरोलीत कास्टिंगचा, म्हणजे ओतीव मालाचा, दर किलोवर ठरतो, आणि तो ठरू शकतो कारण ड्रॉइंग हातात असतं, ग्रेड ठरलेली असते, वजन ठरलेलं असतं, माप चुकलं की माल रिजेक्ट, विषय संपला. सॉफ्टवेअरमध्ये गंमत अशी की ड्रॉइंग काढणं हेच अर्धं काम असतं. गोडाऊनवाल्याला स्वतःलाच पूर्ण माहीत नसतं त्याला काय पाहिजे, तो एक सांगतो, चालवून बघतो, मग म्हणतो असं नको होतं. जिथं काम आधीच पूर्ण सांगता येतं तिथं स्वस्त माणसं लावून भागतं, जिथं ते करता करता शोधावं लागतं तिथं भागत नाही.

वाय टू के आठवा. १९९० च्या दशकाच्या शेवटी आपल्याकडं कामाचा पूर आला तो त्याच्यामुळं. जुन्या कोबॉल प्रोग्रॅममध्ये साल दोन आकड्यांत लिहिलेलं, २००० उजाडलं की ००, मशीनला वाटणार १९०० आलं. म्हणजे काय शोधायचं हे बऱ्यापैकी ठरलेलं, फक्त ते लाखो ओळींत शोधायचं होतं, तिथं नवीन शिकलेली हजारो माणसं कमी दरात लावता आली. ते काम आपण चांगलं केलं आणि त्याच्यावर ही सगळी इंडस्ट्री उभी राहिली, हे मी अभिमानानंच सांगतो. पण त्यातनं आपल्या डोक्यात बसलं की कुठलंही काम माणसं गुणिले तास गुणिले दर असंच असतं. वर रुपयानं आपल्याला सांभाळून घेतलं, १९९१ च्या अखेरीला डॉलर २५-२६ रुपयांच्या आसपास होता, २००० मध्ये ४५ च्या आसपास, २०२२ मध्ये ८० पार. डॉलरमधला दर तोच ठेवला तरी रुपयात वाढ दिसत गेली, त्यामुळं काम सुधारायची घाई कुणाला झाली नाही.

क्लायंटच्या बाजूनं हिशोब करून बघा, आकडे मी अंदाजाचे धरतो. तुमच्या चार तासांच्या कामामागं त्याच्या माणसाला एक तास समजवायला, तपासायला जातो, आणि तो माणूस त्याला तासाला ७० डॉलरला पडतो. म्हणजे तुमचे ५६ आणि त्याचे ७०, एकूण १२६, तासाला पडले साडेएकतीस. आता ११ वाली नवीन टीम घेतली, तिला गोडाऊनमधलं काही माहीत नाही, त्याच्या माणसाला एकाऐवजी दीड तास घालावा लागला. ४४ आणि १०५, झाले १४९, तासाला सव्वासदतीस. दर तीन डॉलरनं उतरला आणि खर्च पावणेसहानं चढला! चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच, फक्त मसाल्याचं बिल वेगळ्या खात्यात पडतं म्हणून परचेसवाल्याला दिसत नाही. त्यात वेळेचा फरक, थंडीत न्यूयॉर्कमध्ये सकाळचे ११ म्हणजे आपल्याकडं रात्रीचे साडेनऊ. अडलेल्या प्रश्नाला कुणी नीट उत्तर दिलं नाही तर अख्खा दिवस जातो, आणि तुमचा सिनियर न विचारता बरोबर करतो तेव्हा तो दिवस वाचतो.

म्हणून त्यांच्या मॅनेजरशी मेलवर घासाघीस करू नका, कॉल लावा आणि गेल्या वर्षभरात तुमच्या माणसांनी त्यांना न विचारता किती गोष्टी निस्तरल्या ते तारखेसकट दाखवा. मग सांगा की रिपोर्ट, साधं टेस्टिंग, असं ठरलेलं काम आम्ही एका ठरीव रकमेला करतो, आणि सिस्टिम चालू ठेवायची जबाबदारी महिन्याच्या वेगळ्या रकमेला, तासावर नाही. तासाचा हिशोब आता तसाही टिकणार नाही, एआयमुळं चार तासांचं काम दोनात झालं तर तासावर बिल लावणारा स्वतःचंच बिल अर्धं करणार. एवढं करूनही ११ च पाहिजे म्हणाले तर नीट हॅन्डओव्हर देऊन सोडा. आणि एकाच गिऱ्हाईकावर १४ घरं चालवू नका, मला तुमच्या पत्रातली सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटली.

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत माझी फौंड्री आहे. चार वर्षांपूर्वी सगळ्यात कमी कोटेशनवाल्याकडनं सॉफ्टवेअर करून घेतलं. स्टॉक कधीच जुळला नाही, २०२३ मध्ये जीएसटीचं ई-इन्व्हॉइस लागू झालं तेव्हा ते त्यात बसेना, आणि आता तो माणूस फोन उचलत नाही. दुसरा म्हणतो नव्यानं करावं लागेल. पहिले पैसे गेलेच का?

उत्तर : साहेब, तुम्ही स्वतः ११ डॉलरवाल्या क्लायंटच्या जागी बसलाय, वरचं उत्तर तुमच्यासाठी पण आहे.

स्टॉक का जुळत नाही ते मी न बघता सांगू शकतो, रनर-रायझर, म्हणजे साच्यात लोखंड जायच्या वाटांत आणि वर उरलेलं लोखंड. साच्यात ओतलेलं सगळं लोखंड कास्टिंग होऊन जात नाही, बराच भाग तोडून परत भट्टीत जातो. ज्यानं कधी फौंड्री बघितली नाही त्यानं ते एकतर विकलेलं धरलं असणार नाहीतर भंगारात टाकलं असणार. पॅटर्न, म्हणजे साचा बनवायचा नमुना, गिऱ्हाईकाचा असतो, हीट नंबर, म्हणजे माल भट्टीच्या कुठल्या वितळणीतला ते सांगणारा नंबर, प्रत्येक लॉटला लागतो, रिजेक्शन कधी कधी मशिनिंग झाल्यावर कळतं, हे त्याला कुणी सांगायचं? त्यानं विचारलं नाही कारण विचारायला शॉपवर दोन आठवडे उभं राहावं लागलं असतं, आणि त्याच्या कोटेशनमध्ये ते दोन आठवडे नव्हतेच. ई-इन्व्हॉइसचं पण तसंच, १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वर टर्नओव्हर असलेल्यांना ते लागू झालं, कायदा बदलत राहणार आणि सॉफ्टवेअर बदलत राहावं लागणार, ते एकदा करून संपलं असं नसतं.

सगळे पैसे गेले असं नाही. डेटाबेसचा बॅकअप, सोर्स कोड, सर्व्हरचा पासवर्ड, यातलं तुमच्याकडं काय आहे ते आज बघा. डेटा मिळाला तरी निम्मं वाचलं, चार वर्षांचे गिऱ्हाईक आणि पॅटर्न त्यात आहेत. नवीन माणूस ठरवताना कोटेशन मागायच्या आधी त्याला मोल्डिंगपासून डिस्पॅचपर्यंत फिरवा आणि त्या फिरण्याचे वेगळे पैसे द्या. जो फिरताना प्रश्न विचारत नाही त्याला काम देऊ नका, कितीही कमी सांगू दे.

प्रश्न : कळंब्याहून लिहितेय, शेवटच्या वर्षाला आहे. कॅम्पसमधनं साडेतीन लाखाची ऑफर आलीये. बाबा म्हणतात दहा वर्षांपूर्वी मावसभावाला पण एवढंच होतं. घेऊ का?

उत्तर : बाबांचं बरोबर आहे गं, मोठ्या सर्व्हिस कंपन्यांत फ्रेशरचं पॅकेज गेली दहा-बारा वर्षं तीन-साडेतीन लाखाच्या आसपासच घुटमळतंय, आणि तेवढ्यात पुण्यातलं भाडं कुठल्या कुठं गेलं. ह्या धंद्याचा नफा बराचसा खालच्या थरातल्या स्वस्त पोरांवर उभा आहे, ते तुला आधीच माहीत असलेलं बरं.

हातात दुसरं काही नसेल तर घे. पण प्रोजेक्ट मिळाला की नुसती तिकिटं, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारी, बंद करत बसू नकोस, क्लायंट पैसे कशातनं कमावतो ते शोध, बँक असेल तर कर्ज कसं मंजूर होतं, हॉस्पिटल असेल तर बिल कसं बनतं. परदेशी कंपन्यांची स्वतःची ऑफिसं भारतात २०२४ पर्यंत १,७०० च्या वर गेलीयेत, बंगळुरू, हैदराबाद, पुणे इथं, आणि तिथं मुलाखतीत प्रोग्रॅमिंगच्या भाषेइतकंच हे विचारतात. दीड-दोन वर्षांनी तिथं अर्ज कर, आणि बॉण्ड असेल तर सही करायच्या आधी बाबांना वाचायला दे.