रात्रपाळीमुळे दुपारी तीनला उठतो. मुंबईत त्या वेळी नाश्ता कुठे मिळेल, आणि काय मागवावं?

तुम्ही लिहिलंय की लातूरहून येऊन चार महिने झाले, रात्रपाळी आहे, डोळा उघडतो तेव्हा खानावळीतली भांडी घासायला गेलेली असतात. आणि उठल्या उठल्या थाळी नकोच वाटते, नाश्त्याचं काहीतरी हवं असतं. शिवाय एकट्याने हॉटेलात बसायला अवघडल्यासारखं होतं. परळच्या एका हॉस्पिटलात मी एकतीस वर्षं नर्स होते, त्यातल्या निम्म्या नाइट असतील. तेव्हा या विषयात माझा अनुभव दांडगा आहे असं समजा.

सरळ उत्तर: उडप्याकडे जा. हल्ली वांद्र्याकडे काचेच्या दारांवर ‘ऑल डे ब्रेकफास्ट’ लिहिलेलं दिसतं. माझी भाची मला एकदा तसल्या ठिकाणी घेऊन गेली होती. दोन अंडी, पावाचा एक तुकडा, वर पाल्याची दोन पानं, आणि बिल आलं तेव्हा मी चष्मा लावून पुन्हा वाचलं. तेच काम उडपी हॉटेलं कसलीही पाटी न लावता कितीतरी वर्षं करतायत.

नोकरीला लागले तेव्हा पहिल्या नाइटच्या आठवड्यात मीही तुमच्यासारखीच बिचकत, साडेतीनला, क्वार्टर्सच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलात शिरले होते. जेवायच्या वेळेला जेवण आणि नाश्त्याच्या वेळेला नाश्ता, अशा घरातली मी. हळूच विचारलं, ‘नाश्त्याचं काही मिळेल का आत्ता?’ वेटरने मान वर न करता टेबल पुसत एका दमात म्हटलं, ‘सादा, मसाला, म्हैसूर, उत्तप्पा, मेदूवडा, इडली खलास.’ तीनला नाश्ता मागणारी बाई त्याला रोजचीच होती. परळ-लालबाग म्हणजे तेव्हा गिरणीच्या पाळ्यांवर वाढलेला भाग. कुणाची सकाळ कधी होते याचा हिशोब तिथे कुणी ठेवत नसे.

हे दिवसभर कसं जमतं, ते पिठात आहे. तांदूळ आणि उडीद भिजवून, वाटून रात्रभर आंबवले की इडली, डोसा, उत्तप्पा तिन्ही गोष्टी थोड्याफार फरकाने त्याच आंबवणातून निघतात. बटाट्याची भाजी तयार असते, चटणी वाटलेली असते, सांबार मंद आचेवर असतं. ऑर्डर आली की तव्यावर तीन-चार मिनिटांचं काम. थाळीचं उलट असतं. भाज्या एकदाच होतात, अडीचला संपल्या की संपल्या. म्हणजे दुपारी डोसा मिळतो तो मालकाची मेहेरबानी म्हणून नव्हे, त्याच्या सोयीचाच असतो तो. तुम्हाला संकोच वाटायचं काही कारणच नाही.

पण दिवसभर मिळतं म्हणजे दिवसभर सारखंच चांगलं असतं असं नाही. हे शिकायला मला दोन-तीन वर्षं लागली. एका हॉटेलात (नाव राहू द्या) दुपारी चारला ‘इडली गरम आहे ना?’ असं विचारून मागवली. बाहेरून चटका बसेल अशी, आत थंडगार. सकाळचीच पुन्हा वाफवलेली. वर सांबाराचा पूर सोडलेला, म्हणजे दिसायला नको. मी मुकाट्याने खाल्ली, कारण डोळ्यांवर झोप होती. तेव्हापासून ‘गरम आहे का’ असं विचारणं सोडलं. त्याला उत्तर नेहमी ‘हो’च येतं. विचारायचं ते असं: ‘आत्ता कढईत काय आहे?’

तीन ते चारमध्ये कढईत बहुतेक काहीच नसतं. चहाच्या गर्दीसाठी मेदूवड्याचा घाणा चारच्या सुमाराला पडतो, तेव्हा थोडं थांबलात तर पहिला घाणा तुमचा. उपमा आणि शिरा बऱ्याच ठिकाणी अकरापर्यंतच संपतो, त्याचा नाद दुपारी सोडा. इडली सकाळच्या लोकांना लखलाभ. तुमच्या-माझ्यासारख्यांचा पदार्थ म्हणजे कांदा उत्तप्पा. दुपारपर्यंत पीठ अंमळ जास्त आंबतं. डोशात तो आंबटपणा कधी कधी खटकतो, उत्तप्प्यात मात्र तोच हवा असतो, कारण वरचा कांदा तव्यावर गोडसर होतो आणि दोघांचं जमतं. ‘कांदा जरा लाल होऊ दे’ एवढं सांगायला विसरू नका, नाहीतर घाईत कच्चा येतो.

जमलं तर तवा दिसेल अशा टेबलावर बसा. तव्यावर पाण्याचा हबका मारतात, चर्र करून वाफ उठते, मग छोट्या खराट्याने तवा झाडून घेतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला ते विचित्र वाटतं, पण त्या पाण्याने तवा हवा तेवढा निवतो. तो फार तापलेला असेल तर पीठ पसरायच्या आधीच धरतं आणि डोसा फाटतो. मग वाटीच्या बुडाने मधून बाहेर गोल गोल. आमच्या कोपऱ्यावरचा तवेवाला हे करताना गल्ल्यावरच्या शेट्टींशी तुळूत भांडत असायचा, तव्याकडे बघायचाही नाही, आणि डोसा कंपासने काढल्यासारखा गोल.

साडेतीनची ती वेळ हॉटेलाची स्वतःची असते. मागच्या टेबलावर वेटर मंडळी भात-सांबार जेवत असतात. एखादा पोऱ्या कागदी नॅपकिन तिरके कापून ग्लासात पंख्यासारखे खोचत बसलेला असतो, दुसरा बडीशेपेच्या वाट्या भरत असतो. टीव्हीचा आवाज बंद. कोणी तुम्हाला उठवायला येत नाही. एकटं बसायचं अवघडलेपण म्हणालात, ते दीड वाजता खरं आहे. त्या गर्दीत चौघांचं टेबल अडवून एक कॉफी घेतलीत तर गल्ल्यावरून नजर येणारच. तीनला तसलं काही नाही. आणि गर्दीत कुणी समोर येऊन बसलंच तर बसू द्या, मुंबईत टेबल वाटून घेतात. समोरच्याशी बोलायची सक्ती नसते. त्याच्या ताटात बघायचं नाही एवढाच नियम, आणि तोही सगळे मोडतात.

तुम्ही ‘मनाला बरं वाटेल असं काही’ असंही विचारलंय. माझ्यासाठी तो दहीभात. एकदा रात्रभर धावपळ करूनही पहाटे आमच्या वॉर्डातला एक पेशंट गेला, तरुण मुलगा होता. सकाळी हँडओव्हर दिला, क्वार्टर्सवर आले, झोप लागली नाही. दुपारी उठून त्याच हॉटेलात जाऊन बसले. दहीभात आला. वर मोहरी, कढीपत्ता, उडदाच्या डाळीची फोडणी, चार दाणे डाळिंबाचे. वेटरने विचारलं, ‘सिस्टर, लोणचं की सांडगी मिरची?’ त्या दिवशी मला इतकाच सोपा प्रश्न कुणीतरी विचारायला हवा होता. मिरची म्हटलं.

कॉफीचं थोडक्यात. फिल्टर कॉफी मागवताना ‘स्ट्राँग’ म्हणा. एकाच पावडरीवर दुसऱ्यांदा पाणी ओतून काढलेलं डिकॉक्शन फिकं असतं आणि दुपारी तेच वाट्याला यायची शक्यता जास्त. पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात असं दोनदा ओतून प्या. फेस येतो आणि जीभ भाजत नाही.

आता ठिकाणं. नावाजलेली हवीच असतील तर माटुंगा पूर्व. दक्षिणेकडून नोकरीसाठी आलेली मंडळी तिथे वसली आणि त्यांच्यामागोमाग हॉटेलं आली. स्टेशनाजवळचं राम आश्रय 1939 सालचं. तिथे शिरा रोज वेगळ्या चवीचा असतो, आज कोणता ते बघून घ्यायचं. अननसाचा असेल त्या दिवशी मी आधी शिरा मागवते आणि मग बाकीचं ठरवते. किंग्ज सर्कलकडे कॅफे मद्रास, 1940 सालचं. तिथला रसम वडा तुमच्यासारख्या नुकत्या उठलेल्या माणसाला एकदम जागा करतो. रविवारी मात्र दारात नाव लिहून उभं राहावं लागतं. आणि कुणी ‘रामा नायकांकडे जा’ म्हणालं तर जरूर जा, 1942 पासूनचं आहे, पण ते केळीच्या पानावरचं जेवण. पोटभर भूक असेल त्या दिवशी, आणि वेळेत उठलात तर.

मराठी चवीची आठवण आली तर दादर. शिवाजी पार्काजवळ ‘प्रकाश’मध्ये साबुदाणा वडा आणि वर पियूष. सेना भवनासमोरच्या ‘आस्वाद’ची मिसळ 2015 मध्ये लंडनच्या फूडी हब पुरस्कारात जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ ठरली. तेव्हापासून तिथे मिसळीसाठी रांग असते. मी रांगेत उभी राहून थालीपीठच मागवते, लोणी जास्त. लातूरच्या माणसाला ही मिसळ सौम्य वाटेल, आधीच सांगून ठेवते.

अंडं-मटण चालत असेल तर इराणी हॉटेल. मरीन लाइन्सला, धोबी तलावाजवळ, कयानी 1904 पासून आहे. ब्रून मस्का, अकुरी, खिमा पाव, सगळं दुपारीही मिळतं. अकुरी म्हणजे कांदा-मिरची-टोमॅटो घालून ओलसर ठेवलेली अंडी. आपल्या भुर्जीसारखी कोरडी करू नका असं त्यांना सांगावं लागत नाही, उलट तुम्हालाच सवय करावी लागेल. ब्रून हा पाव कडक असतो, चहात बुडवल्याशिवाय त्याच्या नादी लागू नका. ग्रँट रोडच्या मेरवानचा मावा केक मात्र सकाळीच संपायचा. तो हवा असला तर उठून नव्हे, पाळी संपवून झोपायच्या आधी जावं लागायचं. आम्ही चौघी नर्सेस एकदा नाइट संपवून टॅक्सी करून गेलो होतो. केकपेक्षा टॅक्सीला जास्त पैसे गेले, पण परतताना पुडा मांडीवर उघडा ठेवून टॅक्सीवाल्यासकट सगळ्यांनी खाल्ला.

रोज मात्र माटुंगा-दादर करू नका. तुम्ही राहता त्या स्टेशनाबाहेर एक तरी साधं उडपी हॉटेल असणारच. लागोपाठ आठवडाभर एकाच वेळी तिथेच जा, एकाच वेटरच्या टेबलावर बसा, उठताना बशीत पाच-दहा रुपये ठेवा. दुसऱ्या आठवड्यात तो न विचारता सांगेल, ‘आज वडा नको, पाच मिनिटांत नवा घाणा येतोय.’

आणि माटुंग्याला जायचंच ठरवलंत तर आधी वेळ बघून निघा. तिथली काही हॉटेलं दुपारी थोडा वेळ बंद असतात, आणि सोमवारी कॅफे मद्रासला सुट्टी असते.