दार अडलं म्हणून

प्रश्न : ४ डिसेंबर २०२४ ला सकाळी साडेसातच्या सुमारास आम्ही सातव्या मजल्यावर चहा घेत बसलो होतो. बंद पंखा हलायला लागला. सासूबाई म्हणाल्या, "काय हालून राहिलं बाप्पा?" नंतर बातम्यांत तेलंगणातल्या मुलुगूचं नाव आलं. मुलाच्या भूगोलाच्या पुस्तकात आहे की भूपट्ट जिथे एकमेकांवर आदळतात तिथे मोठे भूकंप होतात. नागपूर तर देशाच्या मधोमध! मग आपल्याकडे कोण कोणावर आदळलं?
— एक वाचक, मनीषनगर

उत्तर : आधी एक कबुली. त्या सकाळी मी अंगणात पाइप धरून कुंड्यांना पाणी घालत होतो आणि मला काहीही जाणवलं नाही. ज्याने उभं आयुष्य भूशास्त्र शिकवलं त्याला भूकंप झाल्याची खबर शेजारच्या इमारतीतल्या पोट्ट्यांनी गच्चीवरून ओरडून दिली. त्यात नवल नाही. लांबून आलेल्या संथ लाटा उंच इमारतींना झुलवतात, जमिनीवर उभ्या असलेल्या म्हाताऱ्याची दखलही घेत नाहीत. तुमच्या सासूबाईंची जागा माझ्यापेक्षा चांगली होती.

आता पुस्तकातलं वाक्य. ते चूक नाही, पण "आदळतात" या शब्दाने घोळ होतो. ऐकणाऱ्याला वाटतं, दोन ट्रक समोरासमोर येऊन धडकले. भारताचा भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा ज्यावर आपण बसलोय तो प्रचंड तुकडा, वर्षाला साधारण ५ सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो. माझ्या लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली. तेवढ्या काळात सीताबर्डीचा किल्ला, फुटाळा, अंबाझरी आणि आम्ही दोघं असे सगळे मिळून सव्वादोन मीटर पुढे गेलो. कपातला चहासुद्धा हिंदकळला नाही, कारण सगळंच सोबत सरकलं. म्हणजे नुसत्या सरकण्याने भूकंप होत नाही. तो होतो अडण्याने.

माझं बालपण नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या घरात गेलं. माजघराचं दार सागवानी, एका फळीचं. पावसाळा लागला की ते फुगायचं आणि खालच्या कोपऱ्यात उंबऱ्याशी अडायचं. आई म्हणायची, "खांदा लाव." खांदा लावला की आधी काहीच व्हायचं नाही. नीट पाहिलं तर मात्र दिसायचं की खालचा कोपरा जागचा हललेला नाही, पण वरचा कोपरा बोटभर आत गेला आहे. एवढी जाड फळी, पण वाकलेली. माझा जोर वाया जात नव्हता, तो फळीत साठत होता. मग अचानक खालची पकड सुटायची, फळी सरळ व्हायची, फाट्कन आवाज यायचा आणि स्वयंपाकघरातल्या फडताळातले पितळी पेले किणकिणायचे. पेल्यांना कोणी हातही लावलेला नसायचा!

भूकंप नेमका असाच होतो. दोन भूपट्टांमधली फट, म्हणजे भ्रंश, घर्षणाने घट्ट बसलेली असते. मागून रेटा चालूच असतो. फटीजवळचा खडक जागचा हलत नाही, पण आजूबाजूचा शेकडो किलोमीटर मुलूख हळूहळू वाकत जातो. खडक वाकतो हे विद्यार्थ्यांना पटायचं नाही. हातोडा मारून दगड फोडण्याची सवय असली की तो वाकतो हे कसं पटावं? पण वाकतो. मग एक दिवस घर्षण हरतं. वाकलेला खडक काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत, सरळ होतो आणि लाटा निघतात. आपण सगळे फडताळातले पेले.

ही गोष्ट ओळखली १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपानंतर. तिथे भ्रंशावरून जाणारी शेतांची सरळ कुंपणं मधोमध तुटून बाजूला सरकली होती, कुठे कुठे सहा मीटरपर्यंत. हॅरी रीड या अमेरिकन शास्त्रज्ञाने भूकंपाआधीच्या आणि नंतरच्या जमीन-मोजण्या समोरासमोर ठेवल्या आणि १९१० मध्ये मांडलं की जमीन आधी कित्येक वर्षं वाकत होती, त्या दिवशी ती फक्त सुटली. मला यातली मजा वेगळीच वाटते. भूपट्टांचा सिद्धांत स्थिरावला १९६० च्या दशकात. म्हणजे दार कसं अडतं हे माणसाला पन्नास वर्षं आधी कळलं होतं, खांदा कोण लावतंय ते नंतर कळलं.

खांदा लावणाऱ्याबद्दल फार लिहीत नाही. समुद्रतळाशी तयार झालेला भूपट्ट दूर जाता जाता थंड आणि जड होतो, दुसऱ्या भूपट्टाखाली बुडतो आणि बुडताना मागचा भाग ओढून नेतो. खालच्या गरम खडकाच्या थराचे, म्हणजे प्रावरणाचे, संथ प्रवाहही सोबत असतात. यासाठी दुधावरच्या सायीची उपमा अनेकजण देतात. मला ती कधीच आवडली नाही. साय मऊ असते, ती कशाला अडत नाही. सायीने कधी भूकंप झालेला नाही.

आता तुमचा खरा प्रश्न, मधोमध असलेल्या नागपूरचा. आपला खांदा हिमालयाला लागला आहे. वर्षाच्या ५ सेंटिमीटरपैकी साधारण २ सेंटिमीटर एकट्या हिमालयाच्या पट्ट्यात जिरायला हवेत, आणि तिथली फट बहुतांश वेळ अडलेली असते. १९३४ चा बिहार-नेपाळ, १९५० चा आसाम, २०१५ चा नेपाळ ही त्याच अडलेल्या दाराची वेगवेगळी टोकं. २०१५ मध्ये काठमांडू मिनिटभराच्या आत दीड-दोन मीटर दक्षिणेकडे सरकलं आणि जवळजवळ मीटरभर उचललं गेलं.

पण रेटा फक्त चौकटीपाशी थांबत नाही, अख्ख्या फळीला बसतो. आणि फळीत जुनी चीर असेल तर कुरकुर तिथेही होते. आपल्या फळीत अशा चिरा आहेत. त्यांची हकिगत सांगताना माझ्या टेबलावरचा एक दगड हातात घ्यावा लागेल.

काळसर, चपटा, तळहाताएवढा. उमरेडकडच्या कोळशाच्या थरांतला. त्यावर एका पानाचा ठसा आहे. आकार जिभेसारखा, मधोमध ठळक शीर, दोन्ही बाजूंना जाळीसारख्या बारीक शिरा. भिंग लावलं तर जाळीचा एकेक डोळा मोजता येतो. हे ग्लॉसॉप्टेरिस. वय २५ कोटी वर्षांहून जास्त. हेच पान दक्षिण आफ्रिकेत सापडतं, दक्षिण अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात, अगदी अंटार्क्टिकाच्या बर्फाखालीसुद्धा. हे सगळे प्रदेश एकत्र होते त्या भूखंडाला जग आज गोंडवाना म्हणतं. आपल्या गोंडांच्या मुलुखाचं नाव एका हरवलेल्या खंडाला मिळालं आहे आणि नागपूरच्या माणसाला त्याचं काही नाही! ते असो.

तर त्या काळात इथली जमीन ताणली जाऊन लांबच लांब पट्ट्यांत खचत होती. एक पट्टा आजच्या वर्धा-प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्याचा. खचलेल्या खोलगटात जंगलं गाडली गेली, त्यांचा कोळसा झाला. चंद्रपूरच्या वीज केंद्रात जळतो तो हाच. ज्या खचण्याने आपल्याला वीज दिली, त्याच खचण्याचे भ्रंश अजून खाली आहेत. तेव्हा ते ताणले गेले होते, आता हिमालयाच्या रेट्याने दाबले जात आहेत. मुलुगू त्याच गोदावरी पट्ट्यात येतं. त्या दिवशीची तीव्रता ५.३ होती. १३ एप्रिल १९६९ ला भद्राचलमकडे ५.७ चा झाला होता, म्हणजे हे दार पहिल्यांदा कुरकुरलेलं नाही. दुसरा पट्टा नर्मदा-सोनचा. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूरला ५.८ चा धक्का बसला तो तिथला.

आणि सव्वातीनशे किलोमीटरवरून मुलुगूचा धक्का तुमच्या पंख्यापर्यंत आला कसा? जुना, कडक, फारसा न तुटलेला खडक लाटा लांबवर नेतो. पहिली लाट पाऊण मिनिटात नागपुरात आली असेल, तिच्यामागून येणारी, आडवं हलवणारी दुसरी, दीड मिनिटाच्या आसपास. पंखा बहुधा दुसरीने हलवला.

प्रश्न : किल्लारीचा भूकंप ६.२ चा आणि नेपाळचा ७.८ चा. फरक दीडेक आकड्याचाच, मग नेपाळच्या भूकंपाला एवढा मोठा का म्हणतात?
— एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : हे आकडे परीक्षेतल्या गुणांसारखे वाचायचे नसतात. एक आकडा वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. १.६ चा फरक म्हणजे अडीचशे पट. आकडा ठरतो तो मुख्यतः भ्रंशाचा किती मोठा तुकडा सुटला आणि किती सरकला यावर. २६ डिसेंबर २००४ ला सुमात्रापासून अंदमानपर्यंत साधारण १,३०० किलोमीटर लांबीची फट आठ-दहा मिनिटांत उघडत गेली. आपला समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. नागपूरहून मुंबई गाठून परत वर्ध्याच्या बरंच जवळ यावं, एवढ्या लांबीचं एकच दार! म्हणून तो ९.१. इतकी लांब आणि रुंद फट फक्त भूपट्टांच्या सीमेवर मिळते. फळीच्या आतल्या चिरा तोकड्या, त्यामुळे आपल्याकडचे धक्के सहसा पाच-सहाच्या घरात राहतात.

पण आकडा मोठा म्हणजे मरण मोठं असं नाही. नेपाळमध्ये सुमारे नऊ हजार माणसं गेली आणि किल्लारीत, अडीचशे पट लहान धक्क्याने, आठ ते दहा हजारांच्या दरम्यान. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. मी काही दिवसांनी विद्यार्थ्यांना घेऊन गेलो होतो. निघताना मनात जमिनीची भेग पाहायची होती. तिथे पोचल्यावर भेगेकडे कोणाचं लक्ष नव्हतं, माझंही राहिलं नाही.

एक घर आठवतं. लाकडी खांब आणि तुळयांचा सांगाडा जसाच्या तसा उभा. एका खांबाच्या खुंटीला पंचा अडकवलेला. आणि चारी बाजूंच्या दोन-दोन हात जाड भिंती जमिनीवर. गोल गोल दगड, मधे नुसती माती. बाहेरचा थर आणि आतला थर यांना एकत्र धरणारा आरपार दगडच नाही. हलवलं की बाहेरची भिंत बाहेर, आतली आत, झोपलेल्या माणसांवर. वर उन्हापासून बचाव म्हणून वर्षानुवर्षं चढवलेली मातीची जाड धाबी. जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत असा आपला समज असतो. माझाही होता.

तेव्हाच्या नकाशात किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होतं. पुढे २००२ मध्ये तो झोनच काढून टाकला. २०१६ च्या भारतीय मानकात नागपूर झोन २ मध्ये, म्हणजे त्यातल्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात आहे. फ्लॅट घेताना "आपल्याकडे भूकंप होतच नाही" असं कोणी सांगितलं, तर तळमजल्यावर नुसत्या खांबांचं पार्किंग आहे का आणि त्या खांबांची रचना भूकंपाच्या हिशेबाने केली आहे का, एवढं विचारा. समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर अमुक तारखेला रात्री भूकंप येणार असा निरोप फिरतो. आई आम्हाला बाहेर झोपवते. खरं असतं का?
— दहावीचा विद्यार्थी, कामठी

उत्तर : नाही. दार अडलंय हे सांगता येतं, ते किती वाजता उघडेल हे जगात कोणालाच सांगता येत नाही. भूकंप झाल्यावर मात्र थोडा वेळ मिळू शकतो. पहिली लाट टिपली की दुसरी येईपर्यंतच्या सेकंदांत सावध करायचं. जपानमध्ये २००७ पासून अशी सूचना सर्वांना मिळते. आईला घरात झोपायला सांग. कामठीत बाहेर झोपलं तर डास नक्की चावतील.

प्रश्न : भारत दर वर्षी ५ सेंटिमीटर पुढे जातो तर आपला झिरो माईलचा दगड कधीतरी दिल्लीला पोचेल का?
— इयत्ता सातवी, धरमपेठ

उत्तर : या अंकातला सर्वांत चांगला प्रश्न. हिशेब करू. नागपूर ते दिल्ली सरळ रेषेत सव्वाआठशे ते साडेआठशे किलोमीटर. वर्षाला ५ सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर जायला २० हजार वर्षं. गुणाकार केलास की पावणेदोन कोटी वर्षांच्या आगेमागे उत्तर येईल. आपण नाकासमोर उत्तरेला नाही, थोडं पूर्वेला कलून चाललोय, पण ते सोडून देऊ. मोठी अडचण दुसरी आहे. दिल्लीही त्याच भूपट्टावर बसलेली आहे. आपण जेवढं पुढे जाऊ तेवढीच तीही जाईल. तेव्हा नागपूरहून दिल्ली आज जेवढी दूर आहे, तेवढीच तेव्हाही.