चिपीऐवजी मोपाला उतरावं लागलं तर

पावसात सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळावर ढग खाली आले की विमान गोव्यातल्या मोपा विमानतळाकडे वळू शकतं. केबिन क्रू म्हणून तुला कॅप्टनने बोलावलं की चार गोष्टी विचारून घे: काय झालंय, पुढे काय करणार, वेळ किती, खास सूचना काय. ऐकलेलं त्यांनाच परत म्हणून दाखव, कारण घाईत मिनिटं हमखास चुकीची ऐकली जातात. मग लगेच केबिन बंदोबस्तात घे. ट्रॉल्या लॉक, गॅली (विमानातलं स्वयंपाकघर) बंद, टॉयलेट रिकामी.

खरी कसोटी उतरल्यावर. गणपतीचे दिवस असले तर निम्मे चाकरमानी म्हणतील, "बांदा इथून जवळ, आम्हाला इथेच सोडा." त्यांचं म्हणणं अगदी खरं असतं, तरी परस्पर 'हो' म्हणू नकोस. एक माणूस उतरला तरी त्याचं चेक-इन सामान शोधून काढावं लागतं, लोडशीट (विमानातल्या वजनाचा हिशेब) बदलते, माणसं पुन्हा मोजावी लागतात. निर्णय कॅप्टनचा आणि ग्राउंड स्टाफचा.

प्रवासी आत असताना इंधन भरत असतील तर सगळ्यांचे पट्टे सोडलेले हवेत, दारांपाशी आणि वाटेत एकही पिशवी नको, आणि तू आपल्या दारापाशीच. पाणीवाटप तेव्हा नाही.

दर पंधरा मिनिटांनी घोषणा कर, नवीन काही नसलं तरी. मराठीतूनही कर, म्हातारी माणसं निवांत होतात. मधुमेहींना आणि तान्ह्या बाळांच्या आयांना आधी विचार. पाणी अर्धा अर्धा ग्लास दे. थांबा किती लांबेल ते कुणालाच ठाऊक नसतं. तुझ्या ड्युटीची वेळ संपत आली असेल तर कॅप्टनला आधीच सांग.