आगमनकाळ म्हणजे काय? नाताळच्या आधी ख्रिस्ती लोक नेमकं काय करतात?

थोडक्यात सांगायचं तर येशूच्या जन्माची वाट बघतात. ३० नोव्हेंबरच्या सगळ्यात जवळच्या रविवारी आगमनकाळ सुरू होतो. चार रविवार, दर रविवारी एक मेणबत्ती जास्त लावतात. तिसरी बऱ्याच ठिकाणी गुलाबी असते, आनंदाची म्हणून.

आम्ही कोल्हापूरचे. अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ साली इथं आले, त्यांच्या नावाचं चर्च आजही उभं आहे. डिसेंबरात बाहेर गुऱ्हाळं पेटलेली असतात आणि घरात करंज्यांचा घाट. एका वर्षी मात्र आई दवाखान्यात होती. सारण डब्यात तसंच पडून राहिलं. प्रार्थनेला शब्दच सुचेनात, मी नुसता मेणबत्ती लावून बसायचो.

तेव्हा मला बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातल्या पहिल्या अध्यायातला जखऱ्या कळला. देवदूताने सांगूनही, म्हातारपणी मूल होईल यावर या याजकाचा विश्वास बसला नाही, म्हणून त्या मुलाचं, योहानाचं, नाव ठेवेपर्यंत तो मुका झाला. लोक त्या मुक्या महिन्यांना शिक्षा म्हणतात. मला ती उपासनाच वाटते. बाळाचं नाव त्यानं पाटीवर लिहून दाखवलं आणि लगेच त्याची वाचा परत आली. पहिला शब्द निघाला तो देवाच्या स्तुतीचा.