क्वेकर मीटिंग हाऊसची जागा कायदेशीररीत्या नावावर कशी करून घ्यायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: क्वेकर म्हणजे ‘फ्रेंड्स’ असंही नाव असलेला ख्रिस्ती पंथ; इंग्लंडमधल्या एका गावातल्या त्यांच्या मीटिंगमध्ये, म्हणजे स्थानिक मंडळीत, तुम्ही जाता, तिथलं मीटिंग हाऊस (प्रार्थनागृह) सतराव्या शतकातलं, मागे छोटं दफनस्थान. मूळ दस्त सापडत नाहीत आणि जागा कोणाच्या नावावर आहे हे कुणालाच धड सांगता येत नाही.

मी इकडेच जमीन-हस्तांतराच्या कामात आहे, जुन्या प्रार्थनास्थळांच्या फायली अधूनमधून टेबलावर येतात. पहिलं काम म्हणजे एचएम लँड रजिस्ट्रीत (सरकारी जमीन-नोंदणी कार्यालयात) नकाशावरून शोध घ्या आणि तुमच्या एरिया मीटिंगच्या (आसपासच्या मीटिंगांच्या एकत्रित संघटनेच्या) विश्वस्तांना विचारा. कितीतरी मीटिंग हाऊसेस ‘फ्रेंड्स ट्रस्ट्स लिमिटेड’ या कंपनीच्या नावावर असतात. मालकी कागदोपत्री कंपनीची आणि कारभार एरिया मीटिंगचा, अशी ती व्यवस्था आहे. गावातल्या मंडळींना हे ठाऊक नसतं आणि उगाच घबराट होते. कंपनी माणसासारखी मरत नाही, म्हणून ही सोय.

मरण्याचा मुद्दा गमतीचा नाही, सगळा घोळ तिथेच आहे. क्वेकरांत बिशप नाही, इंग्लंडात पगारी पाद्रीही नाही. मीटिंग ही कायद्याच्या नजरेत स्वतंत्र व्यक्ती नव्हे, तिच्या नावावर जमीन चढत नाही. म्हणून सुरुवातीपासून भरवशाच्या चार-सहा जणांच्या नावे खरेदीखत करायची पद्धत पडली. एकेक विश्वस्त गेला की हक्क उरलेल्यांकडे, आणि शेवटचा गेला की जुन्या कायद्यानुसार त्याच्या वारसाकडे. तो वारस क्वेकर असेलच असं नाही, कदाचित अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात जाऊन बसलेला. त्यात क्वेकर शपथ घेत नाहीत. 1696 मध्ये शपथेऐवजी प्रतिज्ञेवर कथन करायची मुभा मिळेपर्यंत वारसाने जागा दाबली तर कोर्टात बाजू मांडणंही मुश्किल होतं. शहाण्या मीटिंगा म्हणूनच दोन-तीन विश्वस्त उरले की नवी नावं घालून दस्त पुन्हा करत. 1850 च्या कायद्याने हा खर्च वाचवला. सभेत नेमणूक झाली, कागदावर सही-शिक्का-साक्षीदार झाले, की जमीन आपोआप नव्या विश्वस्तांकडे. सॅम्युएल मॉर्टन पेटो या बॅप्टिस्ट खासदाराने तो आणला, आणि क्वेकरांसकट अधिकृत चर्चबाहेरच्या सगळ्याच पंथांचं भलं झालं. तुमच्या कपाटात असे कागद निघाले तर जपा. मूळ खरेदीखतापासून आजच्या माणसांपर्यंतची साखळी त्यांनीच जुळते.

दस्त शोधताना कपाटावरच थांबू नका. काउंटी रेकॉर्ड ऑफिसात मंथली मीटिंगची (एरिया मीटिंगचं जुनं नाव) इतिवृत्तं बहुधा जमा असतात; लंडनला युस्टन रोडवरच्या फ्रेंड्स हाऊसचं ग्रंथालयही आहे. 1689 च्या सहिष्णुता कायद्यानंतर प्रार्थनेच्या जागेची नोंद बिशप, आर्चडीकन (बिशपच्या हाताखालचा अधिकारी) किंवा क्वार्टर सेशन्स या तिमाही स्थानिक कोर्टाकडे करावी लागे. त्या नोंदीने मालकी सिद्ध होत नाही, पण वहिवाट किती जुनी हे दिसतं. क्वेकर पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्स याने अल्व्हर्स्टनजवळ स्वार्थमूरला घर आणि जमीन दिली, तिथे दारावर ‘एक्स डोनो जी. एफ. 1688’ (लॅटिनमध्ये ‘जी. एफ. यांची देणगी’) असं कोरलेलं आहे. दारावर दात्याची अक्षरं असली म्हणून लँड रजिस्ट्री मालकी देत नाही, एवढं लक्षात असू द्या.

काहीच सापडलं नाही तरी अर्ज करता येतो. दस्त कसे हरवले आणि ताबा अखंड कसा आहे, याचं सत्यकथन जोडायचं. सोबत विम्याच्या पावत्या, छप्पर-दुरुस्तीची बिलं, इतिवृत्तातले ठराव. ताब्यावरून मिळणारी मालकी सुरुवातीला कच्ची असते, 12 वर्षांनी ती पक्की करून मागता येते. पुढेमागे कधीतरी करू म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट: नोंद न झालेल्या जमिनीवर शेजाऱ्याने 12 वर्षं कब्जा ठेवला तर तुमचा हक्क बुडू शकतो. नोंद झाली की 10 वर्षांनंतरही त्याला अर्ज करावा लागतो आणि रजिस्ट्री आधी तुम्हाला नोटीस पाठवते. स्वेच्छेने पहिली नोंद केली तर शुल्कातही सवलत आहे.

आता ज्यात लोक फसतात ते. पूर्वी विश्वस्त बदलले की कागद फायलीला लावून विषय संपायचा. 6 एप्रिल 2009 पासून नोंद नसलेली जमीन नेमणुकीच्या दस्ताने नव्या विश्वस्तांकडे गेली, की 2 महिन्यांत पहिली नोंदणी सक्तीची आहे. मुदत चुकली तर कायदेशीर मालकी परत जुन्या विश्वस्तांकडे जाते, म्हणजे निवृत्त झालेल्या, कदाचित अंथरुणाला खिळलेल्या माणसांकडे. महाराष्ट्रात ट्रस्टचा बदल अर्ज धर्मादाय आयुक्तांकडे पडून राहिला तर जी पंचाईत होते, तसंच काहीसं. तेव्हा नवे विश्वस्त नेमायचे असतील तर नोंदणीचे कागद आधी तयार ठेवा, सह्या मग. आणि नेमणार असालच तर जागा थेट फ्रेंड्स ट्रस्ट्सकडे वर्ग करायचा विचार करा. माझं मत विचाराल तर छोट्या मीटिंगने तेच करावं. दर वीस वर्षांनी साठीतले चार विश्वस्त शोधणं परवडत नाही.

दफनस्थानाकडे वेगळं लक्ष द्या. 1717 मध्ये क्वेकरांच्या देशभरच्या वार्षिक सभेने थडग्यांवर दगड नकोत म्हटलं, साध्या दगडांना परवानगी आली ती 1850 मध्ये. त्यामुळे जुना भाग म्हणजे नुसतं गवत दिसतं, आणि शेजारचं कुंपण हलकेच फूटभर आत सरकतं. अर्जाला जोडायचा नकाशा मोजणीदाराकडूनच काढून घ्या, भिंत कुणी बांधली याचा इतिवृत्तातला उल्लेख शोधा, आणि दफनाच्या नोंदवहीत ओळींचा आराखडा असेल तर त्याची प्रत जोडा. शेजाऱ्याशी हद्दीचा वाद असेल तर तो मिटवून, दोघांच्या सहीचा नकाशा करून मगच अर्ज टाका. नाहीतर त्याचा आक्षेप येतो, प्रकरण न्यायाधिकरणाकडे जातं, आणि वकिलाचं बिल त्या गवताच्या किमतीला मागे टाकतं.