आयर्लंडमध्ये ऑक्टोबरात कुरण बंद करतात; आपण केव्हा करावे?

प्रश्न : भुदरगड तालुक्यात डोंगरउतारावर आमचे गवताचे रान आहे. दोन म्हशी, एक खिलार गाय आणि त्यांची वासरे-रेडके आहेत. दिवाळीनंतर गवत पूर्ण वाळले की आम्ही ते कापतो आणि जनावरे रानात मोकळी सोडतो. माझा पुतण्या आयर्लंडमध्ये मांसासाठी जनावरे पाळणाऱ्या शेतावर कामाला आहे. तिकडे ऑक्टोबर उजाडला की कुरणाचा एकेक तुकडा चराईला बंद करून गवत राखतात, असे तो सांगतो. आम्हीही तसेच करावे काय?
— एक वाचक, जि. कोल्हापूर

उत्तर : आपला पुतण्या सांगतो ती पद्धत तिथल्यापुरती अगदी योग्य आहे, परंतु तिथली तारीख जशीच्या तशी भुदरगडात आणल्यास आपल्या हाती वाळकी काडीच राहील.

आयर्लंडच्या कुरणांत प्रामुख्याने बारमाही रायगवत असते. जमिनीचे तापमान ५-६ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की त्याची वाढ जवळजवळ थांबते आणि जनावरे गोठ्यात घ्यावी लागतात. वसंताच्या तोंडावर ती पुन्हा बाहेर काढायची, तर त्या वेळी रानात जे गवत उभे असते ते बहुतांशी शरदात राखलेलेच असते. म्हणून तेथे साधारण १० ऑक्टोबरपासून तुकडे बंद करू लागतात, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सुमारे ६० टक्के क्षेत्र बंद झालेले असावे असे धोरण ठेवतात, आणि जो तुकडा आधी बंद केला तोच आधी उघडतात. अमेरिकेतील उंच फेस्क्यू गवताच्या कुरणांत तर ऑगस्टमध्येच चराई थांबवून, नत्र देऊन गवत वाढवतात आणि हिवाळ्यात ते उभेच चारतात. मात्र तात्पुरते विजेचे कुंपण पुढे सरकवत पट्ट्यापट्ट्याने, कारण मोकळे सोडल्यास जनावर खाते त्याहून अधिक तुडवते. थंडीतही या गवताचा कस बराच टिकतो, म्हणूनच हे साधते.

आपल्या डोंगरातील पवना, मारवेल, कुसळी ही गवते उष्ण प्रदेशातील आहेत. त्यांना थांबवते ती थंडी नव्हे, तर जमिनीतील ओल संपणे. सप्टेंबर-ऑक्टोबरात ती फुलोऱ्यावर येतात, बी झडते आणि कस झपाट्याने उतरतो. दिवाळीनंतरच्या पिवळ्या गवतात प्रथिने अवघी ३-४ टक्के उरतात. आहारातील प्रथिने सुमारे ७ टक्क्यांच्या खाली गेली की कोठीपोटातील (जनावराच्या पोटाच्या पहिल्या, मोठ्या कप्प्यातील) चारा पचवणाऱ्या जिवाणूंचे काम मंदावते, त्यामुळे समोर गंजी असूनही जनावर पोटभर खात नाही. म्हणून आपले रान बंद करण्याची वेळ जूनमध्ये, पहिल्या पावसाबरोबर येते, आणि ऑक्टोबर हा कापणीचा महिना ठरतो.

फुलोऱ्यात कापणी करणे सोपे नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे. त्याच वेळी भाताची सुगी असते, मजूर मिळत नाहीत आणि परतीचा पाऊस डोक्यावर असतो. तरीही सगळे रान एकदम कापण्याचा अट्टहास न धरता, उघाड पाहून दोन-तीन तुकड्यांत कापावे. कुसळी असलेला तुकडा सर्वांत आधी घ्यावा, कारण तिची कुसळे पक्व झाली की जनावराच्या हिरड्यांत आणि जिभेखाली रुततात. कापलेले गवत पातळ पसरून, उलथून वाळवावे. मूठभर गवत पिळल्यावर तळहाताला ओल लागू नये आणि काडी कट्कन मोडावी. तोपर्यंत गंजी रचू नये, अन्यथा ती आतून तापते आणि बुरसते.

विळा जमिनीला घासून चालवण्याची सवय मात्र सोडावी. ठोंबाने वाढणारे गवत पुढच्या फुटव्यासाठी आपले अन्न बुडाशी आणि मुळांत साठवते. किमान एका मुठीच्या उंचीचे, म्हणजे सुमारे १० सेंटीमीटरचे बूड राखावे. नंतर जनावरे मोकळी सोडून तेही खरवडू दिले, तर जूनमध्ये फूट विरळ येते आणि उतारावरची माती पहिल्याच वळवाबरोबर ओढ्याला जाते. आपल्या पद्धतीत माझ्या मते सर्वांत मोठे नुकसान इथेच होते. एक लहान तुकडा दर वर्षी बी झडेपर्यंत राखावा, आणि पाळीपाळीने तो बदलावा.

पुतण्याच्या देशातील एक खबरदारी आपल्यालाही लागू आहे. उपाशी, वाळक्या चाऱ्यावरची मोठी जनावरे शरदातील लुसलुशीत फुटव्यावर अचानक सोडल्यास तिकडे काही दिवसांतच फुप्फुसाचा गंभीर आजार होऊ शकतो. आपल्याकडे धोका वेगळा आहे: खोडव्याच्या कोवळ्या ज्वारीतून विषबाधा होते, तर ओल्या लसूणघासाने पोट फुगते. म्हणून वाळकी वैरण खाऊ घालूनच जनावर हिरव्यावर न्यावे आणि चराईचा वेळ हळूहळू वाढवावा.

उन्हाळ्यापर्यंत पुरवठ्यासाठी उसाचे वाडे मिळेलच. परंतु त्यातील ऑक्झलेट शरीरातील कॅल्शियम बांधून ठेवते, तेव्हा सोबत खनिज मिश्रण द्यावे. भाताचे पिंजर असल्यास १०० किलोला ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडावा, दाबून झाकावे आणि २१ दिवसांनी उघडावे. खाऊ घालण्यापूर्वी वास जाईपर्यंत ते हवेवर पसरावे. युरियाचे पाणी जनावराच्या तोंडी लागू देऊ नये, आणि सहा महिन्यांखालील रेडकांना ही वैरण मुळीच घालू नये.