कागद कापून कटआउट अ‍ॅनिमेशन शिकण्यात आता अर्थ आहे का, की ती चित्र काढता न येणाऱ्यांची पळवाट आहे आणि थेट सॉफ्टवेअर घ्यावं?

अर्थ आहे. कटआउट म्हणजे कापलेले कागदी तुकडे थोडेथोडे सरकवायचे आणि दर वेळी एक चित्र टिपायचं. ‘चित्र काढता न येणाऱ्यांची पळवाट’ असं तुम्ही प्रश्नात लिहिलंय, ते मात्र मला साफ नामंजूर आहे.

मी बेळगावच्या वडगावातला. आज्जाचा हातमाग विकला गेला, तेव्हा त्याच्यावर एक छोटी फिल्म केली. घरातल्या जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद घेतला. आज्जाचा खांदा, कोपर, मनगट वेगवेगळं कापून बारीक तारेनं जोडलं. टेबलावर काच, वर खाली तोंड केलेला कॅमेरा, आणि काच चमकू नये म्हणून दोन्हीकडून तिरके दिवे. सेकंदाला 12 चित्रं. पंखा बंद. काम रात्री, गल्लीतले यंत्रमाग थांबल्यावर, कारण ते चालू असले की टेबल थरथरतं आणि व्होल्टेज खालीवर झालं की पडद्यावर उजेड लुकलुकतो.

आज्जा मी बाजूनं दाखवला. त्यामुळं फणी ठोकणारा हात आणि पावडीवरचा पाय स्वच्छ दिसतो. धोटा, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारी नळी, त्या बाजूनं दिसत नाही, म्हणून तो फक्त आवाजात ठेवला. फिल्म एका स्पर्धेत दाखवली, तेव्हा तो आवाज ऐकून आई थिएटरात रडली.

त्याच स्पर्धेत परीक्षकांनी माईकवर सांगितलं, “हे अ‍ॅनिमेशन नव्हे, हलणारी कात्रणं आहेत. माणूस एकदाही आपल्याकडे वळत नाही.” मला उत्तर द्यायला माईक मिळाला नाही, म्हणून इथं देतो.

जर्मनीच्या लोटे रायनिगरनं 1923 ते 1926 अशी तीन वर्षं बसून काळा कागद आणि शिशाचे पातळ पत्रे कापून पूर्ण लांबीची फिल्म केली. सगळी पात्रं नुसत्या सावल्या. रशियाच्या युरी नॉरस्टाइनची 1975 ची ‘हेजहॉग इन द फॉग’, म्हणजे धुक्यातल्या साळूची फिल्म बघा. धुकं म्हणजे अगदी पातळ कागद, फ्रेमगणिक कॅमेऱ्याकडे थोडाथोडा उचललेला. आणि एवढ्या लांब कशाला? आंबोली उतरून कुडाळजवळच्या पिंगुळीला जा. तिथले ठाकर चामड्याच्या बाहुल्यांवर रामायण उभं करतात. तिथं कोणी म्हणत नाही, रावण आमच्याकडे वळला नाही.

कटआउटमध्ये पात्राला वजन येतं ते थांबण्यातून. हात उचलण्याआधी दोन-तीन चित्रं खांदा किंचित खाली घ्या, मग हात उचला. हे बोटांना कळतं. सॉफ्टवेअर दोन स्थितींच्या मधली चित्रं आपणहून भरतं, सगळं एकाच वेगानं सरकतं आणि नवख्याला वाटतं, जमलं! माझ्या मते पहिलं पात्र कागदाचंच करावं, आणि बाजूनंच कापावं. समोर बघायलाच हवं असेल तर दुसरं डोकं कापून एका फ्रेममध्ये बदला. प्रेक्षक कुरकुरत नाहीत, परीक्षक कुरकुरतात.

आता तुमच्या सॉफ्टवेअरचं. मालिकेचं काम असेल, दर आठवड्याला भाग द्यायचा असेल, तर कागद परवडत नाही. तिथं संगणकच घ्या. पात्रांनी गर्रकन गोल फिरावं अशी गोष्ट असेल तर कटआउटच नको, थ्रीडी शिका. ‘साउथ पार्क’ या अमेरिकन कार्टून मालिकेचा 1997 चा पहिला भाग कागद कापून केलेला होता. पुढं ते संगणकावर गेले, पण पात्रं कापलेल्या कागदाचीच दिसावीत अशीच ठेवली.